भाकर, पाणी आणि पुढची वाट



‘मन लागत नाही’ हे शब्द हल्ली आपल्या घराघरांत ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, पेरून तरी काय उपयोग? भरतीच्या परीक्षा देऊन थकलेला मुलगा दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहतो. आई म्हणते, सकाळी उठल्यापासूनच अंग जड असते. रविवारच्या मिस्साला न येणाऱ्यांपैकी काही जणांची अडचणही हीच आहे. त्यांचा देवावर राग नाही, विश्वासही गेलेला नाही. उठण्याचे बळ मात्र गेले आहे.

अशा माणसाला आपण बहुतेक वेळा काय देतो? उपदेश. परमेश्वराने काय दिले, हे पाहायचे तर राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय उघडू या.

एलिया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर साऱ्या लोकांसमोर त्याची प्रार्थना ऐकली गेली होती. पण ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिली आणि तो रानात पळाला. दिवसभर चालून एका झुडपाखाली बसला आणि आपला प्राण काढून घे, अशी विनवणी देवाकडे करू लागला. एवढ्या मोठ्या विजयानंतर एवढी मोठी खचलेली अवस्था! म्हणजे मन खचणे हे काही अश्रद्धेचे लक्षण नव्हे. देवाच्या अगदी जवळच्या माणसालाही ते चुकले नाही.

मग देवदूत आला. त्याने एलियाला दोष दिला नाही, धीटपणावर प्रवचन दिले नाही. त्याने त्याला हलवून जागे केले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूत त्यावरही रागावला नाही. दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा जेवू घातले. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालून होरेब पर्वतावर पोहोचला.

प्रभू येशूची रीतही हीच. याईराच्या मुलीला उठवल्यावर तिला काहीतरी खायला द्या, असे त्याने लगेच सांगितले (मार्क ५:४३). रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या शिष्यांसाठी त्याने किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली. पेत्राला त्याने मोठी जबाबदारी दिली, पण न्याहारी झाल्यानंतर (योहान २१).

आपण नेमके उलट करतो. आधी उत्साह येऊ दे, मग कामाला लागू, असे म्हणत वाट पाहतो. उत्साह येत नाही आणि दिवस निघून जातात. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. मन खचले की माणूस रोजची कामे आणि लोकांत मिसळणे सोडतो. ते सोडले की त्यातून मिळणारे लहानसहान समाधानही आटते आणि मन आणखी खचते. हे रहाट थांबवायचे तर हाताने सुरुवात करावी लागते. लहानसे, ठरलेले काम ठरल्या वेळी करायचे, मन लागो वा न लागो. १९७०च्या दशकापासून या पद्धतीचा अभ्यास झाला असून आज ती उपचार म्हणून वापरली जाते. आधी हात हलतो, मन मागून येते.

आपल्या जिल्ह्याने हे स्वतः अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर आपल्याकडील उमरगा-लोहारा भागातील गावेही कोसळली. हजारो माणसे गेली. उरलेल्यांना कशासाठी उठावे, हाच प्रश्न होता. पुढे घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या, बचत गट उभे राहिले. महिन्याला थोडेसे पैसे बाजूला टाकणे, एवढीच अनेकींची सुरुवात होती. नंतर दुष्काळाच्या वर्षांत याच भागातील महिलांनी घरच्या शेतातला एखादा एकर तुकडा मागून घेतला. त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला असे घरी खायचे पीक कमी पाण्यावर, शेणखतावर घेतले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने झालेल्या या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्याच्या छोट्या धंद्यापासून सुरुवात केली. पुढे त्यांना २०२१ सालचा राष्ट्रीय नारी शक्ती पुरस्कार मिळाला. साऱ्या शेताचे काय होणार, या चिंतेत न बुडता या बायकांनी एका एकराचे काय करता येईल, ते पाहिले.

कोणी म्हणेल, लवकर उठल्याने कर्ज फिटते का? अंगण झाडल्याने पाऊस पडतो का? नाही. एलियाने भाकर खाल्ली तेव्हा ईजबेल राणी सिंहासनावरच होती. संकट तसूभरही हलले नव्हते. पण बसून राहिलेला माणूस उठून चालू लागला, आणि होरेबावर वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर त्याला परमेश्वराचा शांत, मंद स्वर ऐकू आला. झुडपाखाली पडून राहिला असता, तर तो स्वर कानी आला नसता.

बाळ येशूची संत तेरेजा हिने याच वाटेला लहान मार्ग म्हटले. ती वयाच्या चोविसाव्या वर्षी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने देवाघरी गेली. अखेरच्या काळात तिच्याही मनावर दाट अंधार होता. तरी मठातली रोजची लहान कामे ती प्रेमाने करीत राहिली. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची महापंडिता म्हणून घोषित केले.

तेव्हा या आठवड्यात आपण एकच गोष्ट निवडू या. रात्री मोबाईल उशापासून दूर ठेवून वेळेवर झोपू या. किंवा सकाळी क्रुसाची खूण करून लगेच अंथरूण आवरू या. किंवा कोवळ्या उन्हात पावमैल चालू या आणि चालता चालता जपमाळेचे एक दशक म्हणू या. किंवा सगळ्यांना वाढून उरलेले खाणाऱ्या आईने एक वेळ तरी सर्वांबरोबर बसून गरम भाकरी खावी. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. देवदूतही दोनदा आला होता.

एक सांगणे मात्र आवश्यक आहे. थकवा काही आठवडे हटत नसेल, तर रक्त तपासून घ्यावे. रक्ताची कमतरता, थायरॉईड, साखर यांनीही माणूस असा गळून जातो. झोप उडाली असेल किंवा जगणे नको असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कसलीही लाज नाही. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येते. शेतकरी आत्महत्येचे दुःख आपल्या जिल्ह्याने फार सोसले आहे. असे विचार कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नये.

आणि आपल्यापैकी जे आज धडधाकट आहेत, त्यांच्या वाट्याला देवदूताचे काम आले आहे. मिस्साला दिसेनाशा झालेल्या एका घरी या आठवड्यात जाऊ या. का येत नाही, असे विचारू नये. डब्यात भाकरी-भाजी न्यावी, घटकाभर बसावे, आणि रविवारी सोबत जाऊ, एवढेच म्हणावे. एलियालाही पुढे परमेश्वराने अलीशाची सोबत दिली.

आज वेदीवरून आपल्याला जी भाकर मिळते, ती थकलेल्यांसाठीच आहे. बळ आल्यावर तिच्याकडे यायचे नसते, बळासाठी यायचे असते.

हे प्रभो, आमच्यातील थकलेल्यांना आज उठण्यापुरते बळ दे, आणि उद्याचे उद्या दे. आमेन.