पंप मारून लागतो, तो ब्रेक नव्हे

उभा राहा नीट. आज तुला खुर्ची नाही.

"दोन पंप मारले की मस्त लागतो, सर." काल हिवरा आश्रमाच्या फाट्यावर तू हे हसत सांगितलंस. जीपच्या मागच्या बाकड्यांवर सहा माणसं बसली होती, त्यात एक म्हातारी, तिच्या मांडीवर नात. लेका, मेहकर रोडला साठच्या वेगात एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तू दुसरा पंप मारतोस तेवढ्यात समोरची बैलगाडी संपलेली असते.

जुन्या जीपला बोलेरोची पुढची डिस्क बसवलीस, याचा मला राग नाही. भिजलेला ड्रम धरत नाही आणि डिस्क लवकर सुकते, हे मीच तुला शिकवलं. राग याचा आहे की तू चाकाशीच थांबलास. हब बसला, कॅलिपर बसला, चाक फिरलं, आणि तुझ्या लेखी काम झालं. मास्टर सिलिंडर कोणता ठेवलास? जुनाच. तो ड्रमच्या चिमुकल्या व्हील सिलिंडरसाठी केलेला. कॅलिपरचा पिस्टन केवढा जाड असतो, तू हातात धरून पाहिलास ना? त्याला ढकलायला जास्त ऑइल लागतं आणि जुना मास्टर एका दाबात तेवढं देऊ शकत नाही. म्हणून पंप. लाइनमध्ये हवा आहे असं समजून तू चारदा हवा काढलीस. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे!

आता घाईने मोठा मास्टर आणू नकोस. बोअर वाढला की त्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो. शिवाय ड्रममध्ये फिरतं चाकच पुढच्या शूला ओढून आणखी घट्ट दाबतं. ती फुकटची मदत डिस्कला नाही. म्हणून डिस्कबरोबर बूस्टर येतो. बूस्टर आला की व्हॅक्यूम लागतो, डिझेलला त्यासाठी वेगळा पंप हवा. एक बदललंस की पुढचं बदलावंच लागतं. पैसे नव्हते तर थांबायचं होतं. ड्रम घासून, नवे लायनर आणि नव्या किट टाकून ती जीप आणखी काही वर्षं नीट थांबली असती.

पुढचं चाक तापतं, हात लावू देत नाही, हेही तूच सांगितलंस. "नवे पॅड आहेत, बसतील." कोणी सांगितलं तुला हे? ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा वॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप सैल पडत नाहीत. तोच दाब डिस्कला मिळाला की पॅड सतत घासत राहतात. असं चाक घेऊन तू राजूर घाट उतरणार? नवं डॉट 3 ऑइल 205 अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं 140च्या आसपासच. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट फरशीला टेकतं. मग कितीही पंप मार.

आणि तुझ्या जीपचा मास्टर एकाच खोलीचा आहे. एक होज फाटला की चारही चाकं मोकळी. नवी गाडी दोन खोल्यांची का असते, यावर मी एक अख्खा तास घेतला होता. तू मागच्या बाकावर होतास, मला आठवतं.

मला खरी भीती जानेवारीची आहे. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला शेतात माणसांच्या लांबच लांब पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी घेऊन ट्रॅक्टर त्या पंगतींमधून चालतात, आजूबाजूला पोरं धावतात. त्या गर्दीकडे तू दिवसभर माणसं भरून फेऱ्या मारणार. तिथे दुसऱ्या पंपाला जागा नाही रे.

चावी टेबलावर ठेव. जीप इथून टोचन करून नेऊ, चालवत नाही. आधी पुढचे दोन्ही होज आणि मास्टर उघडू, मी स्वतः बघेन. मग दोन खोल्यांचा मास्टर आणि बूस्टर बसत असेल तर बसवू, नसेल तर ड्रम परत. त्यानंतर रिकाम्या मैदानात वीस, तीस, चाळीस अशा वेगात थांबवून बघायची, आधी रिकामी आणि मग वाळूची पोती भरून. पहिल्या दाबाला, चारही चाकांनी, सरळ रेषेत थांबली तर सवारी घे.

त्या म्हातारीला आज संध्याकाळी जाऊन सांग, चार दिवस गाडी येणार नाही. कारणही खरं सांग.