सुकतीचा किनारा आणि आपला हक्क

सुखासाठी काढलेल्या सहलीला नीतिविचाराची गरज असते काय? यात्रेची तयारी पुण्याची आणि सहलीची तयारी केवळ सोयीची, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेत आहोत. आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे 'आर.व्ही.' नावाचे वाहन सुट्टीसाठी वापरतात. हे चाकांवरचे घरच होय. खाट, ओटा, पाण्याची टाकी आणि संडासदेखील त्याच्या पोटात असतो. असे घर घेऊन एका दिवसासाठी समुद्रकाठच्या उद्यानात जायचे, तर कोणकोणता विचार करावा लागतो?

वॉशिंग्टन राज्यात हूड कनालच्या पश्चिम तीरावर डोसेवॉलिप्स हे सरकारी उद्यान आहे. नावात 'कनाल' असला तरी तो माणसाने खोदलेला कालवा नव्हे. प्राचीन हिमनद्यांनी कोरलेला तो समुद्राचा एक लांब हात आहे. ओहोटी लागली की तेथे चिखल-वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि त्यात आपल्या तिसऱ्या-शिवल्यांची भावंडे व कालवे सापडतात. ती वेचण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

पहिला विचार वेळेचा. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग आपल्या कोळी बांधवांना पंचांगाशिवायही ठाऊक असतो. तेथील शहरवासीयांना तक्ता पाहावा लागतो. त्या भागात मोठी सुकती उन्हाळ्यात दिवसा येते, हिवाळ्यात रात्री. समजा, ती रविवारी सकाळीच आली, तर? समुद्र आपल्यासाठी थांबणार नाही. मग शनिवारच्या सायंकाळची मिस्सा चुकवू नये, हे आधीच ठरवावे लागते. जे आधी ठरवले नाही, ते गडबडीत प्रथम गळून पडते. आणि बहुधा ते देवाचेच असते.

दुसरा विचार परवान्याचा आणि विषाचा. काही सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी किनारा खुला आहे की बंद, याची सरकारी सूचना पाहावी लागते. तिसरा विचार मैल्याचा. आर.व्ही.ची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची असते. छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकावा, असा नियम अनुवादाच्या ग्रंथात इस्राएलला घालून दिलेला आहे. देवाच्या वचनाला ही बाब क्षुद्र वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे विवेचन करताना दूरदृष्टी हे त्याचे एक प्रमुख अंग मानले आहे. दूरदृष्टी म्हणजे चातुर्य नव्हे. ज्यांची गाठही पडणार नाही अशा माणसांचा विचार आजच्या कृतीत आणणे, हा तिचा अर्थ आम्ही घेतो. त्या किनाऱ्यावरील दोन नियम या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. शिंपल्यांसाठी खणलेला खड्डा खणणाऱ्यानेच बुजवावा. कारण बाजूला टाकलेल्या ढिगाखाली लहान शिंपले गुदमरून मरतात. आणि कालव तेथेच फोडून त्याचे कवच जागच्या जागी ठेवावे. कारण कालवाची पिले जुन्या कवचांना चिकटूनच वाढतात. त्या कवचावर जे वाढेल ते आपल्या ताटात येईलच असे नाही. शेताच्या कडा कापू नयेत, गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राखाव्यात, हा लेवीयातील नियम याच जातीचा आहे.

कोणी म्हणेल, 'आम्ही प्रवेशशुल्क भरले, परवाना काढला. आता किनारा आमचा.' ही समजूतच तपासली पाहिजे. समुद्र आणि त्याचा काठ निसर्गतः सर्वांचा, असे जस्टिनियन सम्राटाच्या 533 सालच्या विधिग्रंथात नमूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1996 साली, एका नदीकाठाच्या खटल्यात, शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व स्वीकारले. याउलट वॉशिंग्टन राज्याने 1889 पासून 1971 पर्यंत सुकतीच्या जमिनी खाजगी लोकांना विकल्या. उद्यानाचा किनारा म्हणजे सर्वांसाठी राहिलेला एक तुकडा.

त्याही आधीची एक गोष्ट आहे. 1855 च्या करारान्वये स्कोकोमिश आदी मूळ रहिवाशांनी हूड कनालभोवतीची भूमी दिली; मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला. त्या हक्काला न्यायालयाची खरी मान्यता माशांबाबत 1974 साली आणि शिंपल्यांबाबत 1994 साली मिळाली. म्हणजे आपण ज्याला मोकळा किनारा म्हणतो, तेथेही कोणीतरी आधीच पंक्तीला बसलेले असते. पृथ्वीवरील वस्तू सर्वांसाठी निर्माण झाल्या आहेत, ही 1965 च्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण येथे आठवावी. शुल्क भरून आपण प्रवेश मिळवतो, मालकी नव्हे.

'हे सारे कायद्याने सांगितलेच आहे, धर्म कशाला मध्ये आणता?' हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. कायदा आवश्यकच आहे. परंतु प्रत्येक खड्ड्यापाशी शिपाई उभा करता येत नाही, आणि थोड्याच वेळात भरतीचे पाणी येऊन सारे झाकून टाकते. कोण बुजवून गेला आणि कोण तसाच निघून गेला, हे केवळ त्यालाच आणि परमेश्वरालाच ठाऊक राहते. त्या एकांतात जे वागणे उरते, त्यालाच आपण सदसद्विवेक म्हणतो.

आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यांवरही सुट्टीच्या दिवशी बसगाड्या भरून माणसे येतात. आपणही कोठे ना कोठे अशीच जातो. पुढच्या वेळी डब्यांची व गाड्यांची यादी करताना तिच्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात, असे आम्हांस वाटते: तेथे आपल्याआधी कोण राहतो, आणि आपण निघाल्यावर त्याच्यासाठी काय मागे उरेल. मुलांना सहलीच्या आदल्या रात्री या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला लावावीत. तेवढी धर्मशिक्षणाची शिकवणी कोणत्याही वर्गात मिळणार नाही.