सोयीची वेळ

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७

कैसरियात आमचा स्थानिक गाइड आम्हाला समुद्रात घुसलेल्या खडकावर घेऊन गेला. हेरोदाच्या महालाचे हे अवशेष. पुढे इथे रोमी सुभेदार राहत. जवळच्याच नाट्यगृहात १९६१ साली पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. नंतरच्या लोकांनी तो चक्क पायरीला वापरला होता! "पौलाची सुनावणी इथेच झाली असावी," एवढं बोलून गाइड गप्प झाला.

फेलिक्स पौलाचं ऐकून घाबरला, म्हणजे वचन त्याला लागलं होतं. पण सोयीने पुन्हा बोलावतो म्हणाला. बोलावलंही, अनेकदा, पण पैशांच्या आशेने. दोन वर्षं गेली. त्याच्या जागी फेस्त आला. पौल मात्र कैदेतच.

मला दादा आठवला. घराच्या वाटणीवरून भांडलो, तेव्हापासून दोन वर्षं अबोला. "हे रिलीज झालं की फोन करतो," असं मी प्रत्येक रिलीजला म्हणत आलो. तिथूनच फोन लावला. "दादा," एवढंच बोलता आलं.

प्रियांनो, आज तुम्ही कोणाला थांबवून ठेवलंय?

प्रार्थना: प्रभू, तुझी वाणी ऐकून आम्ही नुसते घाबरू नये, तर आजच उठावं, असं कर. आमेन.