उंबऱ्याबाहेरचं कुटुंब

ज्याला मूलबाळ नाही, भावंडं उरली नाहीत, त्याला आपण ‘एकटा’ म्हणून मोकळे होतो. हे पुरतं खरं नाही, हे कळायला कोरोना यावा लागला.

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात, पेठेत अशी एखादी आज्जी असतेच. घरात ती एकटी. पण दिवस तिचा एकटीचा नसतो. पहाटे देवळात काकडा. मग डेअरीवर दूध घालायला निघालेल्या बायकांशी दारातूनच दोन शब्द. बाजाराच्या दिवशी वडापमध्ये दाटीवाटीने बसून तालुक्याला जायचं आणि पावशेर भेंडीसाठी भाजीवालीशी घासाघीस करायची. भेंडीपेक्षा तिला त्या घासाघिशीचीच भूक जास्त. संध्याकाळी पुन्हा हरिपाठ. यातलं कोणीच तिचं रक्ताचं नव्हे, पण काकड्याला ती दिसली नाही, तर डोकावायला नक्की कोणीतरी येणार. शिधापत्रिकेवर नाव नसलेलं हे तिचं कुटुंब.

मार्च २०२० मध्ये नेमकं हेच कुटुंब बंद झालं. एसटी थांबली, आठवडी बाजार मोडले, देवळांना लागलेली कुलपं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला निघाली. ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहावं, अशी सूचना आली. त्या आषाढीला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लोणंद, तरडगाव, फलटणची वाट सुनी राहिली. एरवी वर्षभर जिला कोणी हाक मारत नाही, तिलाही त्या वाटेवर अनोळखी वारकरी ‘माउली’ म्हणतो. त्या वर्षी तेवढंही नाही.

बंदी सगळ्यांना सारखीच होती, तोटा मात्र सारखा नव्हता. नात्यागोत्यातल्या माणसाचं बाहेरचं जग तुटलं, तरी घरातलं टिकलं. कित्येकांचं तर वाढलं. मुंबईत पोटामागे गेलेली पाटण-जावळीची पोरं परतली, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीची मंडळीही गावाकडे आली. शाळेच्या खोलीत विलगीकरणाचे दिवस काढून ती घरी गेली, आणि एरवी ओस पडणाऱ्या घरांतून रात्री उशिरापर्यंत बोलणं ऐकू येऊ लागलं. ज्यांचं सगळं गोतच उंबऱ्याबाहेर होतं, त्यांना मात्र शेजारच्या भिंतीपलीकडचं हसणं तेवढं ऐकायला मिळालं.

संकटं या भागाला नवी नाहीत. वर्षही झालं नव्हतं, ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि निम्मी सांगली पाण्यात उभी होती. नुकसान अतोनात झालं, पण पुराने माणसं एका छताखाली आणली. शाळेच्या, मंगल कार्यालयाच्या दालनात एका पातेल्यातला भात सगळ्यांनी खाल्ला. कोण कोणाचं, हे तिथे कोणी विचारलं नाही. पुरात जो शेजारी आधार होता, तोच साथीत धोका ठरला.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागले. काम मोलाचं होतं. पण ज्याचं कुटुंब म्हणजे तो स्वतःच, त्याची जबाबदारी कोणाची? उत्तर घोषणेत नव्हतं; ते दारात उभ्या असलेल्या आशाताईंकडे होतं. थंड पडलेल्या म्हाताऱ्या बोटावर ऑक्सिमीटर लवकर आकडा दाखवत नाही. बोट चोळून थोडं गरम करावं लागतं. चोळता चोळता “आज्जी, जेवलीस का?” असं विचारलं जातं. आकडा नोंदवहीत जातो. त्या प्रश्नाला नोंदवहीत जागा नसते. आणि कित्येक महिन्यांत दुसऱ्या माणसाने हात हातात घेतला, तो एवढाच.

एकटेपणासाठी ब्रिटनने २०१८ मध्ये मंत्री नेमला, फेब्रुवारी २०२१ मध्ये जपाननेही. आपल्याकडे त्याची गरज वाटली नाही, कारण पार, कट्टा, बाजार आणि देऊळ हे काम बिनपगारी करत होते. म्हणूनच ते बंद करताना आपण नक्की काय बंद करतोय, हे ध्यानात आलं नाही. जीव वाचवण्यासाठी ते बंद करावंच लागलं, यात शंका नाही. चूक बंद करण्यात नव्हती. त्याच्या जागी काही ठेवायचं राहून गेलं, ही चूक.

पूर पुन्हा येईल, साथही कधीतरी येईल. तेव्हा गावाच्या आणि वॉर्डाच्या यादीत धान्य-औषधांच्या खाली आणखी एक रकाना असावा: या दाराशी रोज कोण उभं राहणार? अंगणातून, पुरेसं अंतर राखून, मास्क लावूनही हाक मारता येते. त्या रकान्यात आपलं नाव लिहायला मात्र कोणत्याही साथीची वाट पाहावी लागत नाही. आपल्या आळीतली अशी दारं आपल्याला आजही ठाऊक आहेत.