बेल एकच, गुण दोन

॥ श्री गुरवे नमः ॥



इथं उज्जैनला श्रावण जणू दोनदा येतो. शेजारच्या हिंदी भाषिक घरांत तो पौर्णिमेनंतर लागतो, आपल्या मराठी घरांत पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. महाकालाची सोमवारची सवारी मात्र दोन्ही श्रावण धरून निघते, आपला श्रावण सरेपर्यंत. तेवढे सगळे दिवस देवळाबाहेरच्या टोपल्यांत बेल, धोत्रा, रुई, शमी यांचे ढीग असतात. आपण ताट भरून घेतो, वाहतो, आणि घरी येताना थोडं प्रसाद म्हणून आणतो. आजचं चिंतन या पानांवरच आहे.

*बेलाकडून काय शिकायचं?*
कच्च्या बेलफळाचा सुकवलेला गर आपल्याकडे जुलाबावर देतात. त्याच झाडाचं फळ पिकलं की त्याचं सरबत पोट साफ होण्यासाठी पितात. बघा, झाड एकच, फळ एकच, पण कच्चं बांधतं आणि पिकलं मोकळं करतं! मग "बेल पोटाला चांगला" एवढंच सांगून भागेल का? कोणाच्या पोटाला, कधी, कच्चा की पिकलेला, किती, हे सगळं सांगावं लागेल. आणि जुलाब लहान मुलाला होत असतील तर आधी मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, आणि मूल मलूल झालं की तडक डॉक्टर. तिथं बेलाची वाट बघत बसायचं नाही.

*उज्जैनीच्या राजाची गोष्ट*
पाली विनयपिटकात जीवक वैद्याची कथा आहे. तक्षशिलेला तो सात वर्षं शिकला. शेवटी गुरूंनी सांगितलं, "आसपास फिर आणि जी औषधी नाही अशी एखादी वनस्पती घेऊन ये." जीवक हिंडून हिंडून रिकाम्या हातानं परतला. अशी वनस्पती सापडलीच नाही! गुरू म्हणाले, तुझं शिक्षण पूर्ण झालं.

पुढं याच जीवकाला आपल्या अवंतीच्या चंडप्रद्योत राजाच्या उपचारासाठी बोलावलं. राजाला पांडुरोग झालेला. औषध तुपातलंच लागणार होतं आणि राजाला तुपाचा भारी तिटकारा. जीवकानं काय केलं? वनस्पती घालून तूप असं कढवलं की रंग, वास, चव सगळं काढ्यासारखं तुरट झालं. ते पाजून, राजा चिडणार हे ओळखून, हत्तिणीवर बसून तो उज्जैनीबाहेर निघून गेला. राजा चिडला खरा, पण बराही झाला, आणि त्यानं जीवकाला उंची वस्त्र पाठवलं.

गोष्ट ऐकताना आपण हसतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत. सगळ्या वनस्पती औषध आहेत, ही एक. आणि औषध देणाऱ्याला रोग, रोगी आणि मात्रा तिन्ही कळावी लागतात, ही दुसरी. आपण पहिली धरून ठेवली, दुसरी सोडून दिली. सद्गुरू सुद्धा सगळ्यांना एकच साधना देत नाहीत ना? माणूस बघून देतात. मग काढा तरी सगळ्यांना एकच कसा चालेल?

*घरातली नेहमीची झाडं*
तुळस, आलं, गवती चहा साध्या सर्दीला खुशाल घ्या. अडुळसा खोकल्यावर आजीच्या काळापासून आहे. दुकानात मिळणारं ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषधही अडुळशातल्या द्रव्यावरूनच तयार झालेलं आहे. पण घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर तिला अडुळसा देऊ नका.

गुळवेल कोरोनाच्या काळात घरोघरी उकळली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ओळख पटवण्यात चूक होऊ शकते, दिसायला तशीच दुसरी वेल असते. वाद काही असो, आपल्यासाठी बोध सरळ आहे: वेल ओळखीची हवी आणि वैद्याला विचारलेलं हवं.

*धोत्रा आणि रुई*
हे कळकळीनं सांगतो. धोत्रा विषारी आहे. त्याच्या बियांनी माणूस बरळायला लागतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जीवही जाऊ शकतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. महादेवानं हलाहल कंठात धरलं, म्हणून हे त्याला वाहायचं. विष पचवणं त्याचं काम, आपलं नाही. वाहिलेला धोत्रा प्रसाद म्हणून घरी आणू नका, पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. रुईचं पान तोडलं की हात धुवा.

*एक विनंती*
आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं: "हे पान चावा, शुगर मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा." पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण वाचून गोळी बंद करणारे आपलेच काका असतात, आपलीच मावशी असते. असा मेसेज पुढं ढकलण्याआधी थांबा. आजाऱ्याला फोन करा, "गोळ्या घेतल्या का?" एवढं विचारा. ही सुद्धा सेवाच आहे.

या श्रावणात जमेल तिथं एक बेल लावा, जागा नसेल तर कुंडीत तुळस लावा. पान तोडताना झाडाला नमस्कार करा, लागेल तेवढंच घ्या.

सर्वांना आरोग्य लाभो, हीच महाकालाच्या आणि सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥ 🙏