राहत्या घराचं शास्त्र

कोकणातल्या जुन्या घराची दारं मोजायला घेतली, तर दार कशाला म्हणायचं इथेच पहिली अडचण येते. वाडीत शिरताना बेडं लागतं. दोन बाजूंना दोन खांब, त्यांत सरकवलेले आडवे बांबू, वर काही नाही. पुढे अंगण. अंगणातून दोन पायऱ्या चढलं की ओटी. तिला समोरून भिंत नसते, नुसते खांब असतात. ओटीवरून उंबरठा ओलांडला की माजघर. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चौकट असते, पण तिला झडपा कधी बसवलेल्याच नसतात. मागे पडवी, न्हाणी, पलीकडे गोठा. हे घर एका जागी सुरू होत नाही आणि एका जागी संपतही नाही.

अलिबाग, नवगाव, किहीम, चौल, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात बेने इस्रायली हे ज्यू लोक शतकानुशतकं अशाच घरांत राहिले. गावांवरून त्यांची आडनावं पडली: किहीमकर, नवगावकर, पेणकर, झिराडकर, दिवेकर. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्या धर्माची आज्ञा अशी की परमेश्वराची वचनं घराच्या दारखांबांवर आणि वेशींवर लिहावीत. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ या भागाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांत ती आली आहे. आज्ञा एका ओळीची आहे. पण दारखांब कोणता, कोणत्या खोलीचा, आणि मुळात घर म्हणजे काय, हे ठरवण्यात ज्यू धर्मशास्त्राने दीड-दोन हजार वर्षं घालवली. या खटाटोपाकडे आपण कर्मकांडाचा किस म्हणून बघतो. मला त्यात घराविषयीचा एक फार खोल विचार दिसतो, आणि रायगडच्या किनाऱ्यावर तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी ही आज्ञा पाळायला दारावर लावतात ती वस्तू पाहू. मेझुझा म्हणून आपल्याला दारावर दिसते ती बोटाएवढी किंवा वीतभर लांबीची लाकडाची, धातूची अथवा काचेची डबी. ते नुसतं आवरण. खरा मेझुझा म्हणजे आतला चर्मपत्राचा तुकडा. खाण्यास शुद्ध मानलेल्या जनावराचं कातडं, काळी शाई, टाक, आणि हे काम शिकलेला लेखनिक. दोन उतारे, 22 ओळी, 713 अक्षरं. अक्षरं क्रमानेच लिहायची. शेवटच्या ओळीला पोचल्यावर तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर गळल्याचं लक्षात आलं, तर ते मागे जाऊन भरता येत नाही. अख्खं पत्र बाद. छापील कागद चालत नाही, मजकूर अचूक असला तरी. लिहून झालं की पत्र शेवटाकडून सुरुवातीकडे गुंडाळतात, आणि पाठीवर ‘शद्दाय’ हे परमेश्वराचं नाव येतं. आत शिरताना उजव्या हाताच्या खांबावर, उंचीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या तळाशी, ती डबी ठोकायची. उभी की आडवी यावर अकराव्या-बाराव्या शतकात फ्रान्समधले ज्यू पंडित राशी आणि त्यांचे नातू रब्बेनु ताम यांचा मतभेद झाला. युरोपातल्या ज्यूंनी पुढे ती तिरकी बसवून दोघांचाही मान राखला.

आता हे नियम घेऊन आपल्या त्या घरात शिरू. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनी मेझुझासाठी दहा अटी सांगितल्या. जागा किमान चार हात लांब, चार हात रुंद हवी, म्हणजे आजच्या मापाने साडेसहा-सात फूट चौरस. दोन खांब हवेत, वर आडवी तुळई हवी, छप्पर हवं, दाराला झडप हवी, दाराची उंची दहा मुठींहून कमी नको. आणि राहणं माणसाचं हवं, प्रतिष्ठेचं हवं, कायमचं हवं. वास्तू मंदिरासारखी पवित्र कामासाठी राखलेली नसावी.

बेड्याला वर तुळई नाही, म्हणून मेझुझा नाही. अंगणाला चौकटीचा दिंडी दरवाजा असेल तर मात्र हवा, कारण त्यातून माणूस घराकडे जातो. ओटीचा नियम मला सगळ्यांत सुंदर वाटतो. तीन बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू उघडी असेल, तर त्या जागेला मेझुझा नाही. उघड्या बाजूला खांब असले तरी नाही, कारण ते खांब छप्पर तोलण्यासाठी आहेत, दार करण्यासाठी नाहीत. लाकूड तेच, जागा तीच. पण खांबाचं काम काय हे शास्त्र विचारतं. त्याच ओटीला चौथ्या बाजूने अर्धी भिंत घातली किंवा जाळी बसवली, की ती बंदिस्त जागा होते आणि तिच्या दाराला मेझुझा लागतो. चोरांच्या, माकडांच्या भीतीने रायगडातल्या ओट्यांना आता सर्रास लोखंडी ग्रिल लागले आहेत. ओटीचं ओटीपण त्याने जातं हे आपल्याला जाणवतं, पण शब्दांत सांगता येत नाही. शास्त्रकारांनी ते सांगून ठेवलं आहे.

माजघर ते स्वयंपाकघर या बिनझडपेच्या चौकटीवर पंडितांचं एकमत नाही. मायमोनिडीस म्हणतात झडप नाही तर बंधन नाही. इतर म्हणतात आहे. मग तोडगा असा की मेझुझा लावावा, पण आशीर्वचन म्हणू नये. दोन खोल्यांमधलं दार असेल तर ‘आत’ कोणती बाजू हेही ठरवावं लागतं, आणि ते बहुधा बिजागऱ्यांवरून ठरतं: झडप जिच्यात उघडते ती आतली खोली. न्हाणीला नाही, संडासाला नाही. तिथे परमेश्वराचं नाव ठेवणं शोभत नाही.

राहिला गोठा आणि घाणा. मायमोनिडीस यांच्या मते गोठा, कोठार, लाकडांची खोली यांना मेझुझा नको, कारण आज्ञेतलं घर म्हणजे माणसाच्या राहण्यासाठी असलेलं घर. पण बायका जिथे बसून नटतात त्या गोठ्याला मात्र हवा. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्खान आरूख’ या धर्मनियमांच्या ग्रंथात याच्या उलट कौल दिला. त्यांच्या यादीत गोठे आहेत, कोंबड्यांची खुराडी आहेत, आणि दारूची व तेलाची कोठारंही आहेत. तेलाचं कोठार! आपल्या तेल्याच्या घरात धर्मशास्त्रातला हा वाद सरळ परसदारी येऊन उभा राहतो. बाजारातल्या दुकानाला मात्र कारो सूट देतात. रात्री तिथे कुणी राहत नाही.

सिनेगॉगलाही, तिथे कुणाचा बिऱ्हाडवजा मुक्काम नसेल तर, मेझुझाचं बंधन नाही. सणात बांधलेल्या मांडवाला नाही, जहाजावरच्या खोलीला नाही. देवाचं घर सुटतं आणि माणसाचं स्वयंपाकघर बांधलं जातं. आपल्याकडे देवघर हा घराचा पवित्र कोपरा. इथे जिथे भात शिजतो, जिथे अंथरूण पडतं, भांडण होतं, तिथल्या चौकटीवर वचन ठोकलं जातं. या निवडीबद्दल मला मनापासून आदर आहे.

हे सगळं जुन्या काळच्या नवगावात, किहिमात कुणाला ठाऊक होतं का? नव्हतं. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू विसरली गेली. लेखनिक नाही, चर्मपत्र नाही, तिथे मेझुझा कुठून येणार? उरलं ते शनिवार पाळणं, सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, आणि ‘शेमा’ या प्रार्थनेची पहिली ओळ. लग्न असो, सुंता असो, मौत असो, म्हणायची तीच. मायमोनिडीस यांनी अखेरच्या काळात फ्रान्समधल्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख आहे: त्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे तोरातलं काही ठाऊक नाही. अभ्यासक त्याचा संबंध बेने इस्रायलींशी जोडतात. ज्याने दाराच्या दहा अटी सांगितल्या त्यानेच हे लिहावं, हे मला चटका लावून जातं. कारण मेझुझाच्या पत्रावर सगळ्यांत आधी जी ओळ येते, ती हीच ‘शेमा’ची. दारावर लिहिता आली नाही ती ओळ या लोकांनी जिभेवर ठेवली.

आणि दार तर त्यांनी सोडलंच नव्हतं. प्रायश्चित्ताच्या दिवसाचं योम किप्पुर हे नाव विसरलेल्या कोकणातल्या या समाजाने त्या दिवसाला नाव दिलं होतं दारफाळणीचा सण. आदल्या संध्याकाळपासून दारं लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपास, बाहेर पडायचं नाही, इतरांशी संपर्क नाही. उपासानंतरच्या दिवशी शिळा सण: दानधर्म आणि भेटीगाठी. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवहून निघालेल्या इतिहासग्रंथात या सणांची हकिगत सापडते.

पुढे धर्म शिकवणारे डेव्हिड रहाबी आले. झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतले तिघे त्यांनी शिकवून तयार केले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मुंबईत 1796 सालीच सिनेगॉग उभं राहिलं होतं. किनाऱ्यावर रेवदंड्याचं बेथ एल 1842 मध्ये, अलिबागचं मागेन अबोथ 1848 मध्ये, पनवेलचं 1849 मध्ये झालं. शास्त्र परत आलं आणि त्याबरोबर दारखांबावरची डबीही. त्याच काळात माणसं मुंबईच्या चाळींत जाऊ लागली. चाळीतल्या एका खोलीचं शास्त्र सोपं: दार एक, मेझुझा एक, मोरीला नाही.

कोकणात चौकट कधी ओकीबोकी नसते. गणेशपट्टी, आंब्याचं तोरण, कुंकवाची बोटं, लिंबू-मिरची. मुसलमान घरावर बिस्मिल्ला, कोर्लईच्या ख्रिस्ती घरावर क्रूस. त्यामुळे शेजाऱ्यांना मेझुझाही दृष्ट लागू नये म्हणून लावलेला तोडगाच वाटत आला, आणि अनेक ज्यूंनाही तसंच वाटतं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातच दोन्ही मतं आहेत. मेझुझा बाहेरच्या कडेला का लावायचा? एक म्हणतो, घरी येणाऱ्याला आज्ञा लगेच भेटावी म्हणून. दुसरा म्हणतो, सगळं घर राखलं जावं म्हणून. मायमोनिडीस मात्र कडाडतात. जे मेझुझात देवदूतांची नावं घालून त्याचा ताईत करतात, त्यांनी मोठी आज्ञा स्वतःच्या फायद्याची वस्तू करून टाकली, असा त्यांचा आशय. मी त्यांच्या बाजूचा आहे. येता-जाता बोट लावून माणसाला आपण कुणाचे याची आठवण व्हावी, एवढं काम दाराने केलं तरी पुष्कळ झालं.

या शास्त्रातला सगळ्यांत महत्त्वाचा सिद्धान्त अजून सांगायचा राहिला. मेझुझाचं बंधन घरावर नाही, घरमालकावरही नाही. ते राहणाऱ्यावर आहे. घर भाड्याचं असेल तर लावायचा भाडेकरूने. इस्रायलबाहेर त्याला तीस दिवसांची मुदत. तोवर तो पाहुणा, त्यानंतर रहिवासी. इस्रायलमध्ये मात्र लगेच. घर सोडताना पुढचा रहिवासी ज्यू असेल तर मेझुझा काढून न्यायचा नाही, त्याच्यासाठी ठेवायचा. ज्यू नसेल तर काढून घ्यायचा. सातबारा काय म्हणतो याला इथे किंमत नाही. कागदावर आपलं असलेलं बंद घर आणि माणसांनी भरलेलं भाड्याचं घर, यांत शास्त्र दुसऱ्याला घर म्हणतं. मुंबई-पुण्याच्या माणसांनी बांधून वर्षातून चार दिवस उघडलेल्या बंगल्यांनी आज अलिबागचा किनारा भरून गेला आहे. या कसोटीवर त्यांतले किती बंगले घर ठरतील, हा प्रश्न ज्यूंपुरता नाही.

1948 नंतर बेने इस्रायली इस्रायलला निघाले. त्या सुमारास भारतात ते वीस हजारांच्या घरात होते. आज देशातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजारांच्या आसपास उरलेत. अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद इथे त्यांची वस्ती झाली, आणि तिथून मराठीत ‘मायबोली’ हे नियतकालिक निघू लागलं. इथली घरं हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांनी घेतली. नियमाप्रमाणे जाताना मेझुझा काढून न्यायचे, म्हणून पुष्कळ चौकटींवर आज काही दिसणार नाही. अलिबागच्या इस्रायल आळीचं नाव राहिलं, 1910 मध्ये नव्याने बांधलेलं मागेन अबोथ उभं आहे, मोजकी कुटुंबं आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर किनारा जवळजवळ रिकामा झाला होता.

पण घाईत निघालेल्या, किंवा शेवटचं माणूस जाऊन दार बंद झालेल्या घरांत एखादा राहून गेलेला असणं अशक्य नाही. खाजगी घरातलं पत्र सात वर्षांत दोनदा काढून तपासावं असा नियम आहे. कोकणच्या पावसात चर्मपत्राला ओल धरते, शाई तडकते, आणि तपासणारं कुणी उरलेलं नसतं. परमेश्वराचं नाव असलेलं लेखन निकामी झालं तरी फेकत नाहीत; माणसासारखं जमिनीत पुरतात.

म्हणून ही विनंती, अलिबागपासून मुरूडपर्यंत जुनी घरं घेणाऱ्यांना, ती पाडणाऱ्या कंत्राटदारांना आणि सागवानी चौकटी उचकटणाऱ्या सुतारांना. पूर्वी बेने इस्रायलींचं असलेलं घर हाती आलं, तर चौकट काढण्याआधी आत शिरतानाचा उजवा खांब खांद्याच्या उंचीला नीट बघा. रंगाच्या पुटांखाली एखादी अरुंद डबी निघाली तर ती फोडू नका, भंगारात घालू नका, जुन्या वस्तूंच्या दुकानात विकू नका. घर कुणाचं होतं, कोणत्या गावात, कोणत्या दाराला ती होती, एवढं एका कागदावर लिहा आणि दोन्ही गोष्टी जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या.