मनाचं औषधपाणी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या आणायला जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्यांची एसटीच बंद झाली. ताप उतरला की थांबवावी, अशी ही गोळी नसते. मध्येच तुटली तर दुखणं उलटतं. फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्राने त्याच महिन्यात जाहीर केले, हे फार बरं झालं. पण दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई शेजारीच बसलेल्या असताना, सुनेनं डॉक्टरांना काय सांगावं?

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी सल्लासेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू आहे. मराठीतही बोलता येतं. घरात कुणाची झोप उडाली असेल, तर हा क्रमांक लिहून द्या. आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत तेवढी खोली मोकळी करून द्या.